किनाऱ्यावरील वस्ती : लेखांक ६ – खळे, वलांडी आणि मांडव

मागील लेखांकात कोळीवाड्यातील घर आणि गल्ली यांचा विचार झाला. आता वाड्याच्या सामाईक जागेकडे वळावयाचे आहे. वेसावे, वरळी, खारदांडा, मढ अशा मुंबईच्या कोळीवाड्यांत लोकांना एकत्र जमण्यासाठी जागा हवी म्हटले की बहुधा चार भिंतींचे आणि कुलूपबंद समाजमंदिर सुचविले जाते. परंतु वाडा रोजच्या रोज जमतो तो बंदरालगतच्या खळ्यावर, म्हणजे मासळी सुकविण्याच्या मोकळ्या पटांगणावर, आणि म्हणून रचनेचा आरंभ या खळ्याच्या बारमाही वापरापासूनच व्हावयास हवा.

पावसाळा सरला की खळ्यावर वलांडी उभ्या राहतात. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या ताणून केलेला सांगाडा. तिच्यावर ओले बोंबील जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, टांगले जातात, तर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबीसारखी मासळी, जमिनीवर पसरावा लागतो. हे काम मुख्यतः बायकांचे असून, हात चालू असतानाच मासळीच्या भावापासून सोयरिकीपर्यंतची बोलणी होतात; काम जेथे नाही अशा सभागृहात ही बैठक हलविता येत नाही. १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी लागू झाली की गरज पालटते, कारण लांबच लांब जाळी पसरून शिवण्यासाठी तेव्हा छप्पर लागते. पुढे नारळी पौर्णिमा, लग्नाची हळद आणि शिमगा यांनाही हेच पटांगण पुरावे लागते.

यावरून काही गोष्टी आपोआप ठरतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने छप्पर खळ्याच्या उत्तर कडेला असावे, म्हणजे त्याची सावली वाळत्या मासळीवर पडत नाही. वारा अडविणाऱ्या भिंती टाळाव्यात. आणि फरशीला हलका उतार देऊन तिच्यात बांबूंसाठी कायमची भोके ठेवावीत, ज्यांत एरवी वलांडी आणि लग्नसराईत मांडवाचे खांब उभे राहतील. ही भोके साधी दिसली, तरी साऱ्या रचनेचा कणा तीच आहेत. गोड्या पाण्याचा नळ आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांची गरज निराळी सांगावयास नको. छपराचे खांब काँक्रीटचे असल्यास खाऱ्या हवेतील क्षार आतील सळईपर्यंत पोहोचून ती गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. म्हणून भारतीय मानक ४५६ नुसार किनारी हवेत सळईवर किमान ४५ मिलिमीटर, आणि लाटांचे तुषार पोहोचतात तेथे ५० मिलिमीटर काँक्रीटचे आच्छादन आवश्यक ठरते.

राहिला प्रश्न नोंदीचा. २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांची नकाशावर नोंद करण्याची तरतूद केली, परंतु घरांची हद्द आखली आणि खळे बाहेर राहिले, तर वाड्याचा अर्धा संसार नकाशाबाहेर जातो. जुलैत पाहणी केल्यास वलांडी उतरविलेल्या असतात आणि पटांगण मोकळे भासते; त्यामुळे निदान एक पाहणी डिसेंबरात, मासळी वाळत असताना आणि ती वाळविणाऱ्या बायकांना विचारून, व्हावयास हवी.