दिवा सर्व्हिसिंगनंतर लागला, म्हणून सर्व्हिसिंगमुळे लागला का?

मागच्या व्याख्यानात आपण नैयायिकांची कारणाची व्याख्या पाहिली. संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "सर, याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. आज त्याचं उत्तर आमच्या मोटारीकडून देतो, आणि त्यात आमची जी शोभा झाली तीही सांगतो.

मे महिना होता. अकोल्याला आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्यांची तपासणी होती, म्हणून दोन दिवस आधी, सोमवारी, अमरावतीत गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, नेहमीचंच सगळं. मंगळवारी बडनेऱ्यापर्यंत जाऊन आलो. बुधवारी सकाळी अकोल्याला निघालो आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती अगदी व्यवस्थित. खड्ड्यात आदळून काही निसटलं म्हणावं, तर तीही सोय नव्हती. हाच तो राष्ट्रीय महामार्ग ५३, जिथे जून २०२२ मध्ये लोणी ते माना या भागात एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीजमध्ये नोंद झाली. मग उरलं काय? गॅरेज! आम्ही मूर्तिजापूरला गाडी बाजूला घेतली आणि फोन लावून गॅरेजवाल्याला बरंच ऐकवलं. "तुमच्या पोराने काहीतरी ढिलं ठेवलं आहे." काम करणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. मालक म्हणाले, "पाहतो सर त्याच्याकडे."

आता हे अनुमान तपासू. दिसलेल्या कार्यावरून न दिसलेल्या कारणाकडे जाणं, याला न्यायशास्त्रात शेषवत् अनुमान म्हणतात. नदीला गढूळ पूर दिसला, म्हणजे वर पाऊस झाला असणार. आमचं अनुमान असं: आधी सर्व्हिसिंग, नंतर दिवा, म्हणून सर्व्हिसिंगमुळे दिवा. पण कारण होण्यासाठी नुसतं आधी असणं पुरत नाही. ते नियमाने आधी असावं लागतं, आणि वर ते अन्यथासिद्ध असून चालत नाही. अन्यथासिद्ध म्हणजे आधी हजर होतं, पण कार्य घडण्यात त्याचा वाटा नव्हता असं. विश्वनाथ न्यायपंचाननांच्या भाषापरिच्छेदात याचं मोठं गमतीदार उदाहरण आहे, कुंभाराच्या गाढवाचं. माती गाढवाच्या पाठीवरून आली, मडकं घडण्याआधी गाढव दारात उभं होतं, तरी गाढव मडक्याचं कारण नव्हे. माती दुसऱ्या कशावरून आली असती तरी मडकं झालंच असतं. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात, तेही याच जातीचं. पण कावळा योगायोगाने येतो आणि गाढव रोज तिथेच असतं. म्हणून गाढव जास्त फसवतं.

पण म्हणून गॅरेजवर संशय घेणंच चूक, असं समजू नका. सर्व्हिसिंगमध्ये हात कुठे लागतो? एअर फिल्टरचा डबा उघडताना हवेच्या सेन्सरचं कनेक्टर काढावं लागू शकतं. हवेच्या नळीची क्लिप सैल राहू शकते. ऑइल भरायचं टोपण किंवा डिपस्टिक नीट बसलेली नसते. प्लग बदलले असतील तर कॉइलचं कनेक्टर. तेव्हा जिथे हात लागला तिथे आधी पाहावं, हे शहाणपणाचंच आहे. आमचं चुकलं ते पुढे. संशयाने फक्त कुठे शोधायचं ते सांगितलं होतं, आणि आम्ही तोच निकाल समजलो.

हा दिवा मुळात कशासाठी आहे, तेही पाहू. तो इंजिनाच्या तब्येतीपेक्षा धुराची राखण करतो. प्रदूषण मर्यादेत राहावं म्हणून गाडीतल्या संगणकाने स्वतःची सतत तपासणी करावी, ही ती व्यवस्था, ओबीडी. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ सक्तीची झाली, आपल्याकडे बीएस-४ च्या मोटारींना एप्रिल २०१३ पासून. त्यामुळे गाडी सुरळीत चालत असतानाही दिवा लागू शकतो. तो स्थिर असेल तर सावकाश जाऊन तपासून घ्यावं. तो लुकलुकत असेल तर मात्र एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळून खराब होऊ शकतो. तेव्हा वेग कमी करून गाडी थांबवावी. ऑइलचा लाल दिवा हे वेगळंच प्रकरण. तो लागला की इंजिन बंद, तिथल्या तिथे. आणि पान्याचं चित्र बहुतेक गाड्यांत फक्त सर्व्हिसिंगची आठवण करून देतं.

दुसरी गोष्ट आम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. बरेच दोष पहिल्या फेरीत दिसले की संगणक मनात नोंद करतो, बोलत नाही. दुसऱ्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसला की दिवा लावतो. म्हणजे दिवा लागण्याची वेळ ही दोष होण्याची वेळ नसते. बुधवारी मूर्तिजापूरला दिवा लागला, तरी दोष मंगळवारी बडनेऱ्याच्या फेरीतच होता. मग तो सोमवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये झाला, की रात्रीतून? ते दिवा सांगत नाही.

डोळ्यांचा दवाखाना उरकून आम्ही अकोल्यात एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला पी-०११३. आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त, असा त्याचा अर्थ. मग त्यांनी चालू आकडे दाखवले. हवेचं तापमान: उणे ४० अंश. मंडळी, अकोला, मे महिना, दुपारचा दीड! बाहेर चव्वेचाळीसच्या आसपास पारा, घाम डोळ्यांत जातो आहे, आणि आमच्या गाडीच्या मते आम्ही सायबेरियात उभे.

गाडी खोटं बोलत नव्हती. या सेन्सरमध्ये असा घटक असतो की थंडी वाढली की त्याचा विद्युतरोध वाढतो. वायर तुटली तर रोध अनंत होतो, आणि संगणक त्याचा अर्थ लावतो: भयंकर थंडी. त्याच्या मापाचा तळ उणे चाळीस, म्हणून तो तिथे जाऊन बसतो. कोड इतकंच सांगतो की सर्किट कुठेतरी खुलं आहे. सेन्सर बिघडला असं तो म्हणत नाही, कोणी बिघडवला हे तर नाहीच नाही. पुष्कळ लोक कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं की सेन्सरच बदलतात आणि पैसे फुकट घालवतात. काही जण बॅटरीची तार काढून दिवा घालवतात. त्याने दोष जात नाही, उलट दोष नोंदला तेव्हाचा वेग, इंजिनाचं तापमान वगैरे जपून ठेवलेला पुरावा पुसला जातो.

आम्ही म्हटलं, "कनेक्टर ढिलं असेल, परवाच सर्व्हिसिंग झाली." त्यांनी बोनेट उघडलं, कनेक्टर ओढून पाहिलं. निघेना.

"कनेक्टर त बरोबर बसलं हाये जी. लॉक बी लागलं हाये. हे पाहा, वायरच नाही इथं. उंदरानं खाल्ली."

कनेक्टरपासून चार बोटांवर वायर कुरतडलेली होती, तांबं उघडं. फिल्टरच्या डब्याखाली लेंड्या आणि सरकीची टरफलं. आमच्या कंपाउंडला लागून एकांची ढेप-सरकीची कोठी आहे, तिकडची मंडळी गाडीत मुक्कामाला आली होती. त्या मुलाने आपलं काम चोख केलं होतं.

इलेक्ट्रिशियनने वायर जोडली, वर टेप गुंडाळला. चालू आकड्यांत तापमान झटकन वर चढलं. यालाच आपण व्यतिरेकाने पडताळणं म्हणतो: कारण हटलं की कार्य हटतं का, पाहणं. "कोड डिलीट करून देऊ का?" त्यांनी विचारलं. आम्ही नको म्हटलं. बहुतेक गाड्यांत लागोपाठ तीन फेऱ्या दोष दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो. म्हटलं, गाडीलाच सांगू द्या.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी आम्ही गॅरेजवर गेलो तेव्हा दिवा लागलेलाच होता. मालकांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, सर भांडायला आले. आम्ही उंदराची हकीकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मी त्याची कालची रोजी कापली सर."

फोनवर आम्ही दोन मिनिटं बोललो होतो. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची तीस वर्षं गेली, कुंभाराचं गाढव किती वर्गांत सांगितलं याची गणती नाही, आणि दोन मिनिटांत आम्ही एका पोराची रोजी घालवली होती. ती रक्कम आम्ही द्यायला लागलो, तर मालकांनी हात धरला आणि गल्ल्यातून काढून स्वतः दिली. आम्ही त्या मुलाला म्हटलं, "बाबा, चूक आमची झाली. न पाहता बोललो."

तो काही बोलला नाही. बोनेट उघडून त्याने जोड पाहिला, मान हलवली, टेप काढला, जोड नीट सोल्डर केला आणि वायरवरून प्लॅस्टिकची नळी चढवली. मग कनेक्टर एकदा काढून पुन्हा बसवलं. टक् असा आवाज झाला. "हा आवाज आल्याबिगर मी डबा बंदच करत नाही सर," तो म्हणाला.

दिवा त्यानंतरच्या फेरीला विझला. गाडी आता कोठीच्या भिंतीपासून लांब, दुसऱ्या बाजूला लावतो.