धान्याऐवजी आलेला पैसा आणि आठवडी बाजार

धाराशिव जिल्ह्यातील केसरी शिधापत्रिका असलेल्या अनेक शेतकरी कुटुंबांना रास्त भाव दुकानातील धान्याऐवजी बँक खात्यात पैसे मिळू लागले आहेत. धान्याचे पोते घरात आले की ते चुलीपर्यंत पोहोचते. पैसा मात्र खत, औषध, उधारी यांत केव्हा विरतो ते कळत नाही. म्हणून हा पैसा धान्यासाठीच कसा वापरावा व आपल्याच भागातील बाजारात त्याचे जास्तीत जास्त धान्य कसे मिळवावे, याची माहिती येथे दिली आहे.

योजना काय आहे?

राज्यातील १४ आपत्तीग्रस्त जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्याचे ८, अमरावती विभागाचे ५ व वर्धा, केसरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी दरमहा ५ किलो धान्य २ रुपये किलो गहू व ३ रुपये किलो तांदूळ या दराने मिळत असे. २०२२ मध्ये या योजनेसाठी केंद्राकडून धान्य मिळणे बंद झाले. त्यानंतर शासनाने जानेवारी २०२३ पासून माणशी दरमहा १५० रुपये थेट खात्यात देण्याचे ठरविले. २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये करण्यात आली. पैसे कुटुंबप्रमुख महिलेच्या आधार जोडलेल्या खात्यात जमा होतात.

अंत्योदय व प्राधान्य कुटुंबांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना धान्यच मिळते व जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हे धान्य बाजारात विकणे हा गुन्हा आहे, हे लक्षात ठेवावे.

रकमेचा हिशेब

पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला ८५० व वर्षाला १०,२०० रुपये होतात. पूर्वीच्या ५ किलोच्या मानाने पाहिल्यास किलोमागे ३४ रुपये पडतात. बाजारभाव ३४ च्या वर गेला की ताटातील धान्य कमी होते. समजा, सुगीत ज्वारी ३० रुपये किलो असेल तर ८५० रुपयांत सुमारे २८ किलो येईल. तीच पावसाळ्यात ४२ रुपये झाली तर जेमतेम २० किलो येईल. पैसे तेवढेच, पण आठ किलोची तूट. ही तूट सरकारी कागदात दिसत नाही. ती घरच्या बाईच्या ताटात पडते, कारण सर्वांत शेवटी जेवायला तीच बसते.

खरेदी केव्हा व कशाची करावी?

१) रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. त्याआधीच्या चार महिन्यांची रक्कम खात्यात राखून ठेवली तर ३,४०० रुपये होतात. वरच्या ३० रुपये भावाने एक क्विंटलहून अधिक ज्वारी येते.

२) पैसे दरमहा ठरलेल्या दिवशी येतीलच असे धरून चालू नये. एकदम जमा झाल्यास आधी धान्याचा वाटा बाजूला काढावा.

३) सगळी रक्कम ज्वारीवर घालू नये. तूर, हरभरा, उडीद, मूग यांसाठी काही भाग ठेवावा. डाळीशिवाय भाकरीने पोट भरते, पण पोषण होत नाही.

४) बचत गटाच्या पाच-दहा भगिनींनी मिळून एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यावरूनच माल घेतल्यास हमाली व मधली दलाली वाचते.

सोयाबीन वाढल्यापासून अनेक शेतकरी घरांतही ज्वारी विकत आणावी लागते. शक्य असल्यास थोडे रान घरच्या ज्वारी व कडधान्यासाठी राखावे. याच जिल्ह्यात महिलांनी एक एकर किंवा त्याहून कमी जमिनीत घरापुरती मिश्र पिके घेण्याची पद्धत रुजविली आहे. जे घरी पिकेल त्याला पैसे मोजावे लागत नाहीत.

बाजारात घ्यावयाची काळजी

माल मापट्याने न घेता वजनाने घ्यावा. वजनकाटा शून्यावर आहे का व त्यावर वैधमापनशास्त्र खात्याची मोहोर आहे का, हे पाहावे. ज्वारीचा दाणा दाताखाली कटकन फुटला तर ती वाळलेली समजावी. काणीचे, काळपट व किडके दाणे असलेला ढीग टाळावा. तूरडाळीत लाखेची भेसळ होते. लाखेचा दाणा गोल नसून पाचरीसारखा कडा असलेला असतो.

साठवण

धान्य कडक उन्हात वाळवून, थंड करून मगच कणगीत किंवा कोठीत भरावे. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. तुरीची डाळ करून ठेवल्यास भुंगेऱ्याचा उपद्रव कमी होतो. अख्खे कडधान्य ठेवायचे झाल्यास किलोला ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळावे. खाण्याच्या धान्यात कीटकनाशकाची पावडर कधीही मिसळू नये.

विकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी

हा पैसा गावोगावी येतो आणि धान्यावर खर्च व्हायचा असतो. जो शेतकरी पाच-दहा किलोच्या स्वच्छ, वाळलेल्या पिशव्या करून आठवडी बाजारात बसेल, त्याला हे गिऱ्हाईक मिळेल. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला व संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारही सुरू केले. त्यामागचा हेतू हाच, की पिकविणारा व खाणारा यांची थेट गाठ पडावी. अमेरिकेत गरजू कुटुंबे अन्नसाहाय्याचे कार्ड शेतकरी बाजारातील मेजावर दाखवून टोकन घेतात व ते शेतकऱ्याला देऊन माल नेतात. काही बाजारांत फळे-भाज्यांसाठी त्यावर जादा रक्कमही मिळते. आपल्याकडे टोकन नाही, रोख पैसा आहे. म्हणून तो कुठे खर्च करायचा, हे कुटुंबानेच ठरवायचे आहे.

पैसे जमा होत नसतील तर शिधापत्रिका, सर्वांचे आधार व बँक पुस्तकाची प्रत घेऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत चौकशी करावी. खाते आधारला जोडलेले आहे का, हे बँकेत तपासून घ्यावे. आणि बंधूंनो, खाते घरच्या लक्ष्मीच्या नावावर आहे, तर त्यातून काय आणायचे हेही तिलाच विचारावे.