पन्नास पौंडांची कादंबरी

१९६० साली लंडनच्या हचिन्सन प्रकाशनाने ‘द कंट्री गर्ल्स’ नावाची एक छोटेखानी कादंबरी बाजारात आणली. लेखिका एडना ओब्रायन. वय एकोणतीस, पदरी दोन लहान मुलगे, शिक्षण औषधशास्त्राचं. पुस्तकापोटी तिला आगाऊ मिळाले होते पन्नास पौंड. निम्मे हचिन्सनचे, निम्मे अमेरिकेतल्या क्नॉफ या प्रकाशनसंस्थेचे. लंडनमध्ये पुस्तकाचं कौतुक झालं. आयर्लंडमध्ये, म्हणजे ज्या मुलखाबद्दल ते होतं तिथे, त्यावर बंदी आली.

ही बंदी इतकी गाजली, की एडनाचं नाव निघालं की आधी बंदीचीच गोष्ट सांगितली जाते. पण एका आडगावातली, घरात एकही कथा-कादंबरी नसलेली मुलगी लेखिका कशी झाली, ही गोष्ट त्याहून मोठी आहे.

एडनाचा जन्म १५ डिसेंबर १९३०चा, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या क्लेअर परगण्यातल्या टूमग्रेनी गावचा. घराला नाव होतं ड्रूजबरो. वाडा ऐसपैस होता, पण वैभव ओसरलेलं. वडिलांना दारूचं आणि घोड्यांच्या शर्यतींचं व्यसन. जमीन तुकड्यातुकड्याने विकली जात होती. आई कष्टाळू आणि कमालीची देवभोळी. तरुणपणी अमेरिकेत ब्रुकलिनला मोलकरीण म्हणून राबून आलेल्या त्या बाईला लिहिणं-वाचणं हे पापाच्या वाटेवरचं पहिलं पाऊल वाटे. घरात पुस्तकं होती ती प्रार्थनेची, स्वयंपाकाची आणि घोड्यांच्या वंशावळींची.

गावात वाचनालय नव्हतं, पण वाचायची भूक होती. एडनाने पुढे सांगितलेली एक आठवण फार बोलकी आहे. गावात कुणाकडे तरी दाफ्नी द्यु मॉरिए यांच्या ‘रिबेका’ची एक प्रत आली. ती बायकांमध्ये फिरू लागली, पण अख्खी नव्हे, सुट्या पानांनी. आज या घरी एक पान, उद्या त्या घरी दुसरं. आणि तीही क्रमाने नाहीत. मधला दुवा ज्या त्या बाईने मनानेच जुळवायचा. चूल, गोठा आणि चर्च यांत दिवस काढणाऱ्या या बायका एका पानासाठी वाट पाहत होत्या. एडनाच्या कादंबऱ्यांत पुढे ज्या बायका आल्या, त्या याच.

अकराव्या वर्षाच्या आसपास तिची रवानगी लॉखरे इथल्या जोगिणींच्या निवासी शाळेत झाली. तिथली शिस्त कडक होती आणि एकटेपण दाट. शाळा संपल्यावर घरच्यांनी तिला डब्लिनला औषधाच्या दुकानात उमेदवारीला पाठवलं. दिवसा दुकानात गोळ्या-मलमं, रात्री औषधशास्त्राचे वर्ग. १९५०मध्ये तिला परवाना मिळाला. मुलगी मार्गी लागली, असंच घरच्यांना वाटलं असणार.

त्याच दिवसांत लिफी नदीकाठच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर तिला चार पेन्सला एक पातळ पुस्तक मिळालं: टी. एस. एलियटने निवडलेले जेम्स जॉइसचे उतारे. त्यात एका घरातल्या नाताळच्या जेवणाचा प्रसंग होता. ताटं वाढलेली आहेत, आणि धर्म व राजकारण यांवरून मोठी माणसं हमरीतुमरीवर आली आहेत. हे तर आपल्याच घरातलं, असं तिला वाटलं. साहित्यासाठी विषय शोधत हिंडावं लागत नाही, आपल्या घरात जे चाललंय तेच लिहायचं, हे तिला तिथे उमगलं. जॉइसचं हे ऋण तिने जन्मभर बोलून दाखवलं; पुढे त्याचं एक छोटं चरित्रही लिहिलं.

मग अर्नेस्ट गेब्लर आयुष्यात आला. तो तिच्यापेक्षा बराच मोठा, घटस्फोटित, आणि नाव झालेला कादंबरीकार. त्याच्या एका कादंबरीवर हॉलिवूडने चित्रपटही काढला होता. कर्मठ कॅथलिक घराला हे पचणं शक्यच नव्हतं. वडील आणि त्यांच्या बाजूची माणसं तिला परत आणायला निघाली, मारामारीपर्यंत प्रकरण गेलं. एडना बधली नाही. १९५४मध्ये लग्न झालं, दोन मुलगे झाले, आणि पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस हे कुटुंब लंडनच्या एका उपनगरात राहायला गेलं.

ते उपनगर तिला अजिबात मानवलं नाही. हचिन्सनसाठी ती आलेली हस्तलिखितं वाचून अभिप्राय लिहून देई. तिचे ते अभिप्राय वाचूनच प्रकाशकांनी तिला सांगितलं, तूच एक कादंबरी लिही. मुलं शाळेत गेली की ती लिहायला बसे. तीन आठवड्यांत कादंबरी पूर्ण झाली. लिहिताना सारखं रडू येत होतं, असं तिने अनेकदा सांगितलं आहे. ज्या गावातून ती जिवाच्या आकांताने निसटली होती, ते गाव दूर गेल्यावर सगळं परत आलं: शेतं, तळं, आईचे हात, वडिलांच्या पावलांची धास्ती. तीन आठवडे हा आकडा ऐकून अचंबा वाटतो खरा, पण त्यामागे जवळजवळ तीस वर्षांची साठवण होती.

कादंबरीची सुरुवातच पाहावी. कॅथलीन ही मुलगी सकाळी दचकून जागी होते. छातीत धडधड का होतेय, हे तिला क्षणभर कळत नाही; मग आठवतं की वडील रात्री घरी आलेच नाहीत. दारुड्या बापाच्या घरातली सगळी भीती त्या एका क्षणात उतरली आहे. पुढे आई तळ्यात बुडून जाते. कॅथलीन आणि तिची मैत्रीण बाबा निवासी शाळेतून मुद्दाम खोडी काढून नाव कापून घेतात आणि डब्लिन गाठतात. कॅथलीन हळवी, तर बाबा फटकळ आणि व्यवहारी. वयाने कितीतरी मोठ्या, विवाहित अशा एका गृहस्थात कॅथलीनचा जीव गुंततो. आजच्या वाचकाला यात आक्षेपार्ह काय ते शोधावं लागेल. खुपलं ते वर्णन नव्हे. मुलीने स्वतःच्या इच्छेबद्दल स्वतःच्या तोंडाने, पश्चात्तापाचा सूर न लावता बोलावं, हे खुपलं.

आयर्लंडमध्ये १९२९पासून पुस्तकांच्या सेन्सॉरशिपचा कायदा होता. पुस्तक एकूणात अश्लील आहे असं सेन्सॉर मंडळाला वाटलं, की विक्री बंद. केट ओब्रायन यांच्या ‘द लँड ऑफ स्पायसेस’ या गंभीर कादंबरीवर १९४१मध्ये केवळ एका वाक्यापायी बंदी आली होती. एडनाच्या पुढच्या ‘द लोन्ली गर्ल’, ‘गर्ल्स इन देअर मॅरीड ब्लिस’ (हे दोन कॅथलीन आणि बाबाच्या गोष्टीचे पुढचे भाग) आणि ‘ऑगस्ट इज अ विकेड मंथ’ या कादंबऱ्यांचीही तीच गत झाली. १९६५मध्ये आयरिश कादंबरीकार जॉन मॅकगहर्नच्या ‘द डार्क’वर बंदी आली आणि त्याची शिक्षकाची नोकरी गेली.

गावात तर तिने अब्रू वेशीवर टांगली अशीच भावना होती. पाद्र्याने चर्चच्या आवारात काही प्रती जाळल्या, असं एडना सांगत असे. पण तिला सर्वांत लागलं ते वेगळंच. पहिली कादंबरी तिने आईला अर्पण केली होती. आई गेल्यानंतर तिच्या वस्तूंत ती प्रत सापडली, उशीच्या अभ्र्यात दडवून ठेवलेली. आतले नको ते शब्द शाईने खोडलेले होते. म्हणजे आईने पुस्तक वाचलं होतं, ओळ न् ओळ. ते तिने जाळलंही नाही आणि टाकूनही दिलं नाही. सरकारी बंदीपेक्षा या खोडलेल्या शब्दांतून त्या काळचं आयर्लंड जास्त कळतं.

घरातही शांतता नव्हती. हस्तलिखित वाचून नवऱ्याने तिला लिहिता येतं हे कबूल केलं, पण त्याबद्दल कधीच क्षमा करणार नाही असंही ऐकवलं. लेखनाचे पैसे त्याच्या हाती द्यावे लागत. एका मोठ्या धनादेशावर सही करण्यावरून झालेल्या भांडणानंतर तिने घर सोडलं. मुलांच्या ताब्यासाठी कोर्टात लढली आणि जिंकली. मधल्या काळात लिहिणं थांबलं नाही: १९६४मध्ये दुसऱ्या कादंबरीवरचा ‘गर्ल विथ ग्रीन आइज’ हा चित्रपट आला, त्याची पटकथा तिचीच, त्याच वर्षी तिसरी कादंबरी आली.

बंदी असली तरी पुस्तकं लोकांपर्यंत पोचतच होती. १९६६मध्ये लिमरिकच्या एका जाहीर सभेत तिने विचारलं, माझी बंदी घातलेली पुस्तकं कुणी कुणी वाचली आहेत? भराभर हात वर झाले. पुढच्याच वर्षी कायदा बदलला. बंदीची मुदत बारा वर्षांवर आली आणि अनेक पुस्तकं आपोआप सुटली. २०१५मध्ये राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांच्या हस्ते तिला ‘सी’ हा कलावंतांसाठीचा देशातला सर्वोच्च सन्मान मिळाला. २०१९मध्ये डब्लिन शहराने सगळ्यांनी मिळून वाचायचं वर्षाचं पुस्तक म्हणून तिची ‘द कंट्री गर्ल्स’पासूनची कादंबरीत्रयी निवडली. २७ जुलै २०२४ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ती लंडनमध्ये वारली.

एडना ओब्रायनकडे वळायचं असेल तर ‘द कंट्री गर्ल्स’पासूनच सुरुवात करावी, पण तिथे थांबू नये. तिसऱ्या भागात बाबा स्वतः बोलू लागते, आणि पहिल्या भागात खट्याळ वाटलेली ही मुलगी लग्नसंस्थेचा काय पंचनामा करते ते मुळातूनच वाचायला हवं. तिन्ही कादंबऱ्या १९८६मध्ये एकत्र निघाल्या तेव्हा एडनाने शेवटी एक नवं प्रकरण जोडलं. त्यामुळे तीच आवृत्ती मिळवावी.