वाळूतला ट्रॅक्टर आणि घरचं वजन

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह यांनी सफाई सुरू केली. पुढे कचरा वाहायला ट्रॅक्टरही वाळूत उतरले. भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरची मागची चाकं जागीच फिरतात, नाहीतर पुढची उचलली जातात. दोन्हींवर उपाय वजनाचा. पुढे बिडाची वजनं लावतात, मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरतात. (समुद्राचं खारं पाणी मात्र नको, रिम गंजते.)

हौशी माणसाला गॅरेजात जमेल असं वजन म्हणजे काँक्रीटचा ठोकळा. घनमीटरभर काँक्रीट साधारण 2,400 किलोचं, म्हणजे 200 लिटरच्या पिंपाचा साचा केला तर त्यात जवळपास 480 किलो मावतं. ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रॉलिक हातांत अडकणारी पिन काँक्रीट ओतण्याआधीच आरपार बसवून आतल्या सळयांना वेल्ड करावी. नुसती खोचलेली पिन हादऱ्यांनी सैल होते. पूर्ण ताकद यायला 28 दिवस द्यावेत.

हा ठोकळा खरा शोभतो पुढे लोडर असलेल्या ट्रॅक्टरला. ट्रॉलीवाल्याने त्याच्या नादी लागू नये: मागे टांगला की पुढचं टोक आणखी हलकं होतं, शिवाय ट्रॉली जोडायची अडचण. वाळूत तर फाजील वजनाने चाक रुततंच. तिथे आधी टायरची हवा कमी करा, पण कंपनीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेपर्यंतच.