पंप काढण्याची तिपाई आणि तिची चाके

विंधन विहिरीतील पाणबुडी पंप दुरुस्तीसाठी वर काढण्याचे काम शेतकऱ्यास केव्हा ना केव्हा पडतेच. त्यासाठी लोखंडी पायांची तिपाई उभारून तिच्या शेंड्यास चेन पुली टांगतात. ही तिपाई जड असल्यामुळे ती हलविण्यास सोपी जावी म्हणून काही जण तिच्या पायांना हातगाडीची किंवा मोडीतील चाके जोडून घेतात. सोय म्हणून ही कल्पना चांगली आहे. परंतु भार उचलताना तिपाई चाकांवरच उभी राहिली, तर तीच सोय जिवावर बेतू शकते.

याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. दोन इंची मध्यम जाडीच्या लोखंडी पाइपाचे वजन मीटरमागे सुमारे ५ किलो असते. पंपावरील झडप पाणी परत उतरू देत नाही, म्हणून प्रत्येक मीटरमध्ये आणखी सुमारे २.२ किलो पाणी राहते. पंप ६० मीटर खोल असेल, तर पाइप व पाणी मिळूनच सुमारे ४३० किलो होतात. मोटर, पंप व केबल धरून एकंदर भार ४८० किलो मानू.

तिपाईचा शेंडा १२ फूट उंच असून तिन्ही पाय मध्यापासून ६ फुटांवर असतील, तर प्रत्येक पायावर १६० किलो वजन येते. त्याखेरीज प्रत्येक पायाला बाहेरच्या दिशेने सुमारे ८० किलोंचा रेटा बसतो. टोकदार पाय जमिनीत रुतून हा रेटा सोसतो. चाकाचा स्वभाव मात्र सरकण्याचा आहे. पाय फाकत मध्यापासून साडेनऊ फुटांवर गेले, की शेंडा तितक्याच उंचीवर उतरतो आणि रेटा दुप्पट, म्हणजे १६० किलो होतो. म्हणून एकदा सुटलेला पाय मधेच थांबत नाही, तिपाई बसतेच. चाकाचा ब्रेक या रेट्यापुढे विश्वासाचा नव्हे. शिवाय काळ्या जमिनीत एक अरुंद चाक रुतले, तरी तिपाई कलते.

यावर उपाय सोपे आहेत, ते असे :

१. चाके केवळ वाहतुकीसाठी ठेवावीत. ती काढता येतील किंवा वर उचलून खिळ बसविता येईल, अशी जोडावीत. भार घेताना पाय थेट जमिनीवर टेकले पाहिजेत.

२. तिन्ही पाय तळाशी मजबूत साखळीने एकमेकांस बांधावेत. जमीन मऊ असल्यास पायांखाली लोखंडी पट्टे किंवा जाड फळ्या देऊन पाय त्यांवरून घसरणार नाहीत अशी अडवण करावी.

३. चाकासाठी पायाच्या नळीस भोके पाडू नयेत. नळी तेथेच वाकते.

४. भार टांगलेला असताना तिपाई तसूभरही हलवू नये. पाइपाचा जोड उघडण्यापूर्वी खालच्या पाइपास क्लॅम्प घट्ट बसवावा. निसटलेला पाइप मधेच अडकला, तर त्याच्या हिसक्याने तिपाईवर मूळ वजनाच्या कितीतरी पट भार येतो.

५. चाकांमुळे तिपाई उभीच ढकलत नेण्याचा मोह होतो. वाटेत विजेची तार असल्यास लोखंडी तिपाईतून प्रवाह उतरून ढकलणारे सर्वजण सापडतील. तिपाई नेहमी आडवी करूनच न्यावी. काम सुरू करण्यापूर्वी पंपाचा वीजपुरवठा मुख्य स्विचपासून बंद करावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यापूर्वी गावातील अशा तिपाया पाहून घ्याव्यात आणि साखळी व पाय टेकविण्याची रीत शेतकऱ्यांना प्रत्यक्ष करून दाखवावी. पंप चढविताना व उतरविताना तिपाईच्या पायांत कोणी उभे राहणार नाही, याकडे एका जाणत्या माणसाने सतत लक्ष द्यावे. साखळीस खर्च थोडा येतो. तिपाईखाली सापडलेल्या माणसाची भरपाई मात्र कशानेही होत नाही.