मेंदूचे भाग व त्यांची कार्ये

बुटीबोरीवरून जाणाऱ्या नागपूर-वर्धा मार्गावर दुचाकीस्वार आपण नित्य पाहतो. तोल सांभाळणे, समोरील वाहन ओळखणे व वेळीच थांबणे ही त्याची सर्व कामे मेंदूच्या आज्ञेने चालतात. प्रौढ मनुष्याचा मेंदू सुमारे १४०० ग्रॅम वजनाचा असतो.

सर्वांत वर मोठा मेंदू असून त्याचा डावा अर्धगोल उजव्या अंगाचे व उजवा डाव्या अंगाचे चलनवलन पाहतो. कपाळामागील खंड हे विचार व संयम यांचे स्थान होय. माथ्याखालील खंड स्पर्शाचे, कानशिलांलगतचे श्रवणाचे व स्मृतीचे, आणि मागील खंड दृष्टीचे कार्य करितात. बोलण्याचे केंद्र बहुधा डाव्या बाजूस असते, हे ब्रोका या फ्रेंच वैद्याने १८६१ सालापासून केलेल्या शोधांवरून कळून आले.

मोठ्या मेंदूच्या खाली, मागील अंगास लहान मेंदू आहे. तो शरीराचा तोल व हालचालींचा मेळ राखतो. त्याच्या पुढे मस्तिष्कस्तंभ असून त्याच्या तळाशी असलेली लंबमज्जा आपण निद्रेत असताही श्वास व हृदयाची गती चालविते. म्हणूनच तेथील इजा प्राणावर बेतते.

मोडलेले हाड सांधते, फाटलेली त्वचा भरून येते. परंतु मृत झालेल्या मज्जापेशींची जागा बहुधा रिकामीच राहते. ज्या भागास इजा होते, त्याचेच कार्य बिघडते : कोणाची वाचा जाते, तर कोणाची दृष्टी. यास्तव विद्यार्थिमित्रांनो, वडील दुचाकीवर निघाले म्हणजे त्यांना हेल्मेटची आठवण द्या. आणि पालकांनीही मागे बसलेल्या मुलाचे मस्तक उघडे ठेवू नये.