धनुष्यावरील अंक व अक्षरें

जुन्या शस्त्रावर एखादें अक्षर दिसलें कीं संग्राहकाचें लक्ष शस्त्रावरून उडून त्या अक्षरावर खिळतें. नांव वाचतां आलें तर शस्त्राची किंमत वाढते. आणि तें नांव मोठें असेल अशी नुसती शंका आली, तर तें वाचण्याच्या आधींच वाढते. तरवारी, कट्यारी व तोफा यांवरील लेखांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्या मानानें लांकडी धनुष्यावरील चिन्हांकडे लक्ष कमी जातें. धनुष्यावर अक्षर कोणत्या ठिकाणीं, कोणत्या साधनानें व कोणत्या हेतूनें घालतात हें कळल्यावांचून त्या अक्षराची साक्ष घेतां येत नाहीं, असें आमचें मत आहे. तें येथें सप्रमाण मांडावयाचें योजिलें आहे.

आमच्या करवीर नगरींत विजयादशमीस दसरा चौकांत छत्रपति घराण्याच्या हस्तें शमीपूजन होतें व मग सोनें लुटलें जातें. शमीच्या या मानाची एक उपपत्ति विराटपर्वांतील कथेंत सांगतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. अज्ञातवासांत शिरण्यापूर्वीं पांडवांनीं आपलीं शस्त्रें शमीवृक्षावर ठेविलीं. पुढें कौरवांनीं गायी वळविल्या तेव्हां बृहन्नलेच्या वेषांतील अर्जुनानें विराटपुत्र उत्तरास तीं खालीं काढावयास लाविलें. गवसण्या सोडतांच उत्तर थक्क होऊन एकेका धनुष्याचें वर्णन करितो व हें कोणाचें म्हणून विचारितो. तें वर्णन आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचें आहे. एका धनुष्यावर सोन्याचे शंभर बिंदु आहेत. दुसऱ्याच्या पाठीवर सोन्याचे हत्ती झळकत आहेत. तिसऱ्यावर साठ इंद्रगोप, म्हणजे आपण ज्यास मृगाचा किडा म्हणतों ते, सोन्याचे बसविलेले आहेत. चौथ्यावर तीन सूर्य आहेत. पांचव्यावर शलभ, म्हणजे टोळ आहेत. अर्जुन अनुक्रमें उत्तर देतो कीं पहिलें गांडीव, दुसरें भीमाचें, तिसरें युधिष्ठिराचें, चौथें नकुलाचें व पांचवें सहदेवाचें. पांच धनुष्यें, पांच चिन्हें. आणि ओळख पटविण्याकरितां त्यांच्यावर एकही अक्षर सांगितलेलें नाहीं.

आतां याच्या उलट बाणांकडे पाहावें. रघुवंशाच्या सातव्या सर्गांत, इंदुमतीच्या स्वयंवरानंतर जें युद्ध होतें त्यांत, धनुर्धर एकमेकांस तोंडानें नांवें सांगत नाहींत. बाणांवरील अक्षरेंच तें काम करितात. विक्रमोर्वशीयाच्या पांचव्या अंकांत मणि पळविणाऱ्या गृध्रास लागलेल्या बाणावर नांव कोरलेलें असतें, आणि तें वाचूनच आपणांस आयु नांवाचा पुत्र आहे हें पुरूरव्यास प्रथम कळतें. नामांकित बाणाची ही कल्पना संस्कृत वाङ्मयांत सर्वपरिचित आहे. बाणावर नांव आणि धनुष्यावर केवळ चिन्ह, असा भेद कां? आमचे मतें उत्तर सोपें आहे. बाण धन्याचा हात सोडून जातो व परक्याच्या हातीं पडतो. तो कोणाचा हें सांगावयास तेथें दुसरें कोणी नसतें. धनुष्य धन्याच्या हातांत किंवा त्याच्या शस्त्रागारांत राहतें. तेथें तें इतरांतून निवडतां आलें म्हणजे पुरे. निवडण्यास खूण लागते, सांगण्यास अक्षर लागतें.

हें झालें हेतूविषयीं. दुसरें कारण द्रव्याचें आहे, व तें अधिक निर्णायक आहे. कौटिल्यानें धनुष्यें ताल, चाप, दारव व शार्ङ्ग अशीं चार प्रकारचीं सांगितलीं आहेत. म्हणजे ताडाचें, वेळूचें, लांकडाचें व शिंगाचें. यांपैकीं कोणतेंही घेतलें तरी ओढतांना त्याची पाठ, म्हणजे धनुर्धराच्या विरुद्ध बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे त्याच्याकडील बाजू, दाबलें जातें. लांकडाच्या पाठीवरील तंतु टोंकापासून टोंकापर्यंत अखंड राहतील तेवढेंच धनुष्याचें आयुष्य. तेथें कोरणीनें एक आडवी रेघ घातली कीं तंतु तुटतात. ओढ बसतांच त्यांचीं टोंकें उचलतात, फट पडते व धनुष्य त्या अक्षरापाशींच मोडतें. तापविलेल्या लोखंडानें डागलें तरी तंतु जळून तोच परिणाम होतो. वेळूच्या धनुष्यांत वरची साल हीच सर्वांत चिवट असल्यामुळें ती पाठीस ठेवितात. ती इतकी गुळगुळीत असते कीं शाई धरत नाहीं, आणि खरवडली तर बळ जातें. म्हणून जाणता कारागीर अक्षर कोरावयाचें झाल्यास मुठीपाशीं, जेथें धनुष्य फारसें वांकत नाहीं तेथें, कोरतो. अन्यत्र तो रंगानें लिहितो व वरून रोगण देतो. विराटपर्वांतील सोनेरी बिंदु व हत्ती पाठीवर होते, याचा अर्थ ते वरून लाविलेले असले पाहिजेत. कोरून भरलेले असते तर तीं धनुष्यें लढाईच्या उपयोगाचीं राहिलीं नसतीं.

यावरून संग्राहकास पहिली कसोटी मिळते. वांकणाऱ्या भागाच्या पाठीवर खोल कोरलेलें नांव आढळलें, तर तें धनुष्य वापरांत असतांना कोरलेलें असण्याचा संभव फार थोडा. तें शोभेसाठींच केलें असेल, किंवा निरुपयोगी झाल्यावर कोणीतरी अक्षरें घातलीं असतील.

मुसलमानी अंमलांत आपल्याकडे जी कमान रूढ झाली ती निराळी वस्तु होय. तिच्या आंत लांकूड, पोटास शिंग, पाठीस स्नायूंचे तंतु, सर्व सरसानें जोडलेलें व वरून रंग-रोगणाचें आच्छादन. सरस हा दमटपणाचा वैरी. आमच्या बाजूच्या पावसांत असें जोडकाम उकलावयाचें, तें पुनः बांधावयाचें व पुनः रंगवावयाचें, हें ओघानेंच आलें. तेव्हां रंगानें लिहिलेलें अक्षर कमानीच्या जन्माचें नसून शेवटच्या रंगकामाचें असूं शकतें. पोथ्यांचा व्यासंग असणाऱ्या वाचकांस हें नवीन वाटूं नये. पुष्पिकेंतील शक पुष्कळदां मूळ प्रतीचा असतो व नकलणारा तो तसाच उतरून घेतो. रंगारीही जुनें नांव जसेंच्या तसें पुनः उतरवूं शकतो. पोथींत शक जुना व कागद नवा, कमानींत लांकूड जुनें व अक्षर नवें. दोहों ठिकाणीं लेखाचें वय व वस्तूचें वय हीं वेगवेगळीं धरून चालावें लागतें.

अक्षर कोणी घातलें, या प्रश्नाचीं उत्तरें चार संभवतात: कारागीर, धनी, कोठीवाला व उत्तरकालीन मनुष्य. उस्मानी तुर्कांच्या कमानींवर करणाराचें नांव व हिजरी सन घातलेलीं आढळतात. तीं पहिल्या प्रकारचीं. दुसऱ्याचें स्पष्ट उदाहरण म्हणजे नागपूरकर रघूजी भोसले यांची तरवार. ती महाराष्ट्र शासनानें इ. स. २०२५ मध्यें लंडन येथील लिलावांतून मिळविली. पातें युरोपीय घडणीचें. त्याच्या पाठीवर देवनागरींत सोन्याच्या पाण्यानें धन्याचें नांव व ‘सेनासाहेब सुभा’ हें पद. नांव धन्याचें, घडण दुसऱ्याची. लेखावरून घडणाराचा शोध करूं जातां फसगत व्हावयाची. तिसऱ्या प्रकारचें उदाहरण बिकानेरच्या शस्त्रागारांतील आहे. इ. स. १६८९ मध्यें आदवानी पडल्यावर महाराज अनूपसिंहांकडे गेलेल्या दक्षिणी शस्त्रांवर टिंबाटिंबांनीं ठोकलेलीं देवनागरी अक्षरें दिसतात. तीं कोठीचीं आहेत. तीं लिहिणारास दक्षिणेंतल्या लोहाराचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. आणि कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून इ. स. १८७५-७६ च्या दौऱ्यांत प्रिन्स ऑफ वेल्स यांस मिळालेल्या ‘जगदंबा’ तरवारीच्या पात्यावर आय्, एच्, एस् हीं रोमन अक्षरें उमटविलेलीं आहेत. हें येशूच्या नांवाचें चिन्ह युरोपांतील अनेक पात्यांवर असतें. त्यावरून पातें कोठून आलें एवढें कळतें. तें कोणाच्या कंबरेस होतें याविषयीं त्या अक्षरांत कांहीं नाहीं. तरवारींविषयीं जो विवेक लागतो तोच धनुष्याविषयीं लागतो. भेद इतकाच कीं लोखंडावरील अक्षर सहसा बदलत नाहीं, लांकडावरील सहज बदलतें.

चौथा प्रकार, उत्तरकालीन अक्षराचा, हाच खरा धोक्याचा. तो ओळखण्याच्या कांहीं खुणा देतों. भिंगाखालीं, दिवा तिरपा धरून पाहावें. रोगणाच्या भेगा अक्षराच्या रंगांतून आरपार गेलेल्या असतील तर अक्षर भेगांहून जुनें. रंग भेगांत उतरून बसला असेल तर भेगा आधींच्या व अक्षर मागाहूनचें. मुठीपाशीं हात घासून रोगण झिजलेलें असतें. तेथेंच अक्षरें मात्र टवटवीत दिसलीं तर संशय घ्यावा. मग लिपि व लेखनपद्धति पाहावी. ऱ्हस्वदीर्घ आजच्या छापील नियमांप्रमाणें अगदीं बिनचूक असणें, हें अठराव्या शतकांतील लेखाच्या बाजूचें प्रमाण नव्हे. शेवटीं कालगणना पडताळावी. शकांत ७८, शुहूर सनांत ५९९ व फसलींत ५९० मिळविले असतां इसवी सन सामान्यतः निघतो. शुहूर सन मृगापासून लागतो, हें ध्यानांत ठेवून एका वर्षाचा फरक सोडावा. शके १६६० बरोबर शुहूर ११३९ किंवा फसली ११४८ असेल तर मेळ बसतो. राज्याभिषेक शकाचें पहिलें वर्ष इ. स. १६७४ चें, त्याच्या आधींच्या मानलेल्या वस्तूवर तो शक आला तर पुढें तपासावयाचें कांहीं उरत नाहीं.

या विवेचनाचा आजच्या व्यवहाराशीं निकटचा संबंध आहे. हौशी मंडळी जुन्या पद्धतीचीं लांकडी धनुष्यें नव्यानें करवून घेतात व त्यांवर आवडत्या वीराचें नांव, एखादा मंत्र किंवा जुन्या धाटणीचा शक घालवितात. यांत त्यांचा हेतु वाईट नसतो. परंतु असें धनुष्य दोन पिढ्यांनीं माळ्यावरून खालीं येईल, तेव्हां त्याची हकीकत सांगणारें कोणी नसेल. इ. स. १९७२ च्या कायद्यानें सामान्यतः शंभर वर्षांची वस्तु पुरावस्तु ठरते, हस्तलिखितास पंचाहत्तर पुरतात. काळ आपोआप त्या मर्यादेपर्यंत पोंचवितो. खोटा शक मात्र त्याच्या पुढें उडी मारतो. म्हणून नव्या धनुष्यावर चिन्ह वाटेल तें काढावें, पण करणाराचें खरें नांव, गांव व खरें वर्ष मुठीपाशीं बारीक अक्षरांत रंगानें लिहून वर रोगण द्यावें. याने धनुष्यास इजा होत नाहीं व पुढील अभ्यासकाची दिशाभूल टळते.

जुन्या धनुष्यावर तर नवें अक्षर मुळींच घालूं नये. संग्रहाचा क्रमांकसुद्धां नाहीं. क्रमांक सुती फितीस बांधलेल्या चिठ्ठीवर लिहावा. वस्तूवरच लिहिणें भाग पडलें, तर आधीं द्रावकानें काढतां येईल असा पारदर्शक लेप देऊन, त्यावर क्रमांक लिहून, वर पुनः तोच लेप द्यावा. आणि जागा मुठीजवळची पण जुन्या रंगापासून दूरची निवडावी. पुसट झालेलें नांव उजळ करण्याचा मोह अनेकांस होतो. तसें केलें कीं भेगांची साक्ष बुजते व खरें असलेलें अक्षरही कायमचें संशयित होतें. तें पुसट आहे तसेंच राहूं द्यावें; त्याचें छायाचित्र घ्यावें, लांबी-रुंदी मोजावी, तें पाठीवर आहे कीं पोटावर, मुठीपासून किती अंतरावर आहे व रोगणाच्या वर आहे कीं खालीं, हें टिपून ठेवावें. ज्या संग्राहकांपाशीं अशीं धनुष्यें असतील त्यांनीं एवढी नोंद जरी करून प्रसिद्ध केली, तरी महाराष्ट्रांतील धनुष्यांच्या अभ्यासास आज जें साधन नाहीं तें मिळेल.